निळा होईपर्यंत

मेलेल्या लॅपटॉपच्या पोटातून
सहा सेल निघाले.
मुबीन परकारने मीटर लावला :
दोन ठार,
एक फुगलेला, तो वाळूच्या डब्यात.
तीन अजून धुगधुगतात.

चार्जिंगची पट्टी दोन दिरहमला,
शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत.
खोकं जेवणाच्या डब्याचं,
बटणं जुन्या रिमोटची,
पडदा दोन बोटं.

रात्री खोलीत तेवढा एकच दिवा, तांबडा.
वरच्या-खालच्या पलंगांवरून
आम्ही सगळे त्याच्याकडे बघत पडलेले.
‘भरू दे सावकाश,’ मुबीन म्हणाला,
‘घाई केली की तापतो.’

बस पहाटे चारची.
दिवा निळा झाला तेव्हा
धाकू वेल्डर तेवढा जागा होता,
आणि त्याला खेळता येत नाही.

त्याने वायर काढली,
नीट गुंडाळून
मुबीनच्या बुटात ठेवली.