राखेचा बुधवार, खानापूर

कपाळावरची राख न पुसताच
माती-परीक्षणाच्या टेबलाशी आले.
नंदगडचा नमुना.
पाकिटावर गाव कन्नडमध्ये, शेतकऱ्याचं नाव मराठीत.
मातीला दोन्ही लिप्या येत नाहीत.

"तू माती आहेस, विसरू नकोस,"
सकाळी फादर म्हणाले.
कुठली? मी मनातच विचारलं. सामू किती?

बाबा चाळीस वर्षं कौलांच्या भट्टीवर.
कौल कधी लाल होणार
ते त्यांना आचेच्या रंगावरून कळायचं.
मी त्यांना लोह समजावलं, प्राणवायू समजावला.
म्हटलं, आपल्या रक्तातलं लोहही तेच,
कुठल्यातरी फुटलेल्या ताऱ्यातलं.

इनासबाबा बराच वेळ विडी विसरून बसले.
मग म्हणाले,
"म्हणजे त्याची भट्टी आमच्याहून जुनी."

नळीत गाळ खाली बसतोय,
वरचं पाणी निवळतंय.
मी आकडा लिहिते.
त्यानं घातलेली फुंकर आकड्यात येत नाही, ठाऊक आहे;
पण आकडाच चुकला
तर फुंकर कशावर घातली, तेही कळायचं नाही.

उकडतंय. घामाबरोबर
राख भुवईत उतरते.
तिचाही नमुना घ्यावा का?