माप पाण्याखाली

काझी वकीलबाईंनी फाईल शेवटून चाळली.
म्हणाल्या, मन्मथअप्पा, कागद सगळे आहेत. काम तेवढं दिसत नाही.

दिसंल कसं,
ते टाकीच्या पोटात आहे.
दोन कोट, कोपऱ्यांना जाळी, एकशे ब्याऐंशी चौरस मीटर,
आणि त्यावर दीड लाख लिटर पाणी.
थेंब गळत नाही. गळली असती
तर उदगीरहून मला रातोरात उचलून नेलं असतं.

जिल्हा परिषदेनं ठेकेदाराचं बिल काढलं.
मला ती ओळखत नाही, तिच्या कागदावर मी नाहीच.
उद्यमची नोंदणी? आहे की,
काम उरकल्यावर जावयानं मोबाईलवर केलेली.
कामाच्या आधीची लागते, बाई म्हणाल्या.
आणि हे वर्क ऑर्डरचं कलम सतरा:
वाद झाल्यास लवाद, ठिकाण हैदराबाद.
वाचलं नव्हतं?

सहीला कागद आला तेव्हा मी शिडीवर होतो.
दोन डबे एकत्र केले की चाळीस मिनिटं हातात असतात,
मग रसायन घमेल्यातच दगड होतं.

कायद्याची तीन वर्षं, त्या म्हणाल्या. त्यातली
दोन वर्षं सात महिने गेले.
आधी नोटीस. रजिस्टर पोस्टानं. पोहोचपावती जपा.
आणि त्याच्याकडून लेखी काढा काहीतरी, देणं आहे एवढंच,
मग मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजता येते.

मी मोबाईल पुढं केला.
पोळ्याला लिहिलं होतं: साहेब, १,९२,००० राहिलेत,
पोरांची मजुरी माझ्या अंगावर आहे.
उत्तर: दोन जोडलेले हात.
दिवाळीला, हात.
संक्रांतीला हात आणि तिळगुळाचं चित्र.
बाई, जोडलेले हात कबुली धरतात का?

त्या हसल्या नाहीत. लिहून घेते, म्हणाल्या.
मग जरा थांबून: कोर्टाकडून पाहणी मागता येईल,
पण टाकी रिकामी करावी लागेल.
चैत्र चालू होता. त्या टाकीवर चारशे घरं.
मी म्हणलं, ते नको.

येताना मुद्दाम त्या गावावरून आलो.
खांबावर ठेकेदाराचं नाव ठळक, त्याखाली
टाकी धुतल्याचा दिनांक,
पुढील दिनांक,
आणि तिथं जागा कोरी.
शिपाई व्यंकट ब्रश भिजवत बसला होता.
म्हणलं, व्यंकटराव, आषाढातली कोणतीबी तारीख टाका,
अन् त्या दिवशी शिडी तेवढी द्या.
टेप माझा मी आणतो.