दोन चाळीसची गाठ

दहाला एक, असं प्रमाण.
सिलिकोनच्या कपात काजळीसारखी भुकटी ढवळायची,
मग यंत्राने हवा खेचून बुडबुडे काढायचे.
वीस मिनिटं. तेवढ्यात मी जेवून घेतो.
भुकटी म्हणजे कार्बनच्या नळ्या, केसाहून कितीतरी बारीक,
एकमेकींना टेकलेल्या.
टेकून असेपर्यंत वीज वाहते,
पट्टी ताणली की त्यांचे हात सुटतात.
शास्त्र एवढंच.
बाकीचं अनुदानाच्या अर्जात आहे.

देगूच्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर, मा गुम-दान.
वय एकाहत्तर. एकतीस वर्षं कापड गिरणीत,
ताण्याचे तुटलेले धागे जोडायला.
आता उजवा हात मांडीवर,
बसमध्ये कुणी विसरलेल्या हातमोज्यासारखा.
मी तर्जनीवर पट्टी चिकटवली.
तिने डाव्या हाताने चाचपून पाहिली.
"याला वीण नाही," म्हणाली,
"मग ओढ कशी कळणार?"

अकरा दिवस रेषा सपाट.
डॉक्टर प्यो यायचे, बोट बघायचे, जायचे.
बाराव्या रात्री पट्टी काढायची मी विसरलो.
(अहवालात तसं लिहिलेलं नाही.)

सकाळी फाइल उघडली.
दोन चाळीसला एक लहानशी चढण,
उतार, थांबा,
पुन्हा चढण. चार मिनिटं.
डोळ्यांना दिसलीच नसती इतकी बारीक.
आधी वाटलं, घाम.
मग वाटलं, वायर. मग शेजारचा फ्रिज.
फ्रिज बंद करून तीन रात्री बसलो,
कुणाचं तरी किमची आंबून गेलं.
रेषा तशीच आली.

तिला आलेख दाखवला.
चष्मा नाकावर सरकवून ती बघत राहिली,
मग चादरीचा एक दोरा उपसला
आणि डाव्या हाताने, दातांची मदत घेत:
वळसा, आत, ओढ. थांबा.
वळसा, आत, ओढ.
माझ्या पडद्यावरचीच चाल.
"झोपेत?" मी विचारलं.
"रात्रपाळीला माग कधी बंद असायचा?"

हजारदा ताणल्यावर पट्टी मूळ लांबीवर येत नाही.
शून्य थोडं वर सरकतं आणि तिथेच राहतं.
समीक्षकाने कारण विचारलंय.
उत्तर अर्धं लिहून ठेवलंय.

आज नवी पट्टी कापत होतो तर म्हणाली,
ही अंगठ्यावर लाव.
एका बोटाने गाठ बसत नाही.