उपाशीपोटी

दस्तगीर मिस्त्रींनी बॉनेटवर तळहात टेकवला
आणि लगेच उचलला.
"फिरवून ठेवलीया."

मगदूम काका म्हणाले, सकाळी बस्तीला जाऊन आलो.
बस्ती त्यांच्या दारापासून चाळीस पावलांवर.
कसबा बावड्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं,
म्हणून कुणी काही बोललं नाही.

मी घरोघर जाऊन रक्त घेते.
शिये, भुये, निगवे. स्कूटरला बर्फाचा डबा बांधून.
बशीभर चहा पिऊन
"पोटात पाण्याचा थेंब नाही" म्हणणारे
मला उंबऱ्यावरच कळतात,
मिशीला साय असते.
मी सुई पिशवीत ठेवते. उद्या येते म्हणते.

"थांबू या," मी म्हटलं. "गार होऊ दे."

तिघं पायरीवर बसलो. साडेसात. आठ.
कारखान्याकडून मळीचा वास येत होता.
काकांनी केळी आणली, मग पाणी, मग पुन्हा केळी.
गाडीची स्तुती साडेआठच्या सुमारास संपली.
त्यानंतर ते नुसते टायरकडे बघत राहिले.

दहाला मिस्त्री उठले. "आता खरं बोलंल."

किल्ली अर्धी फिरवली.
ऑइलचा, बॅटरीचा, हँडब्रेकचा, लाल लाल दिवे लागले.
इंजिनाचा पिवळा लागलाच नाही.
"बिघाड नसला तरी एकदा लागतोच त्यो.
हितं डोळाच काढलाय."

मग गाडी सुरू झाली आणि थरथरली.
आरसा हलला, आरशातले आम्ही हललो.
टक टक, टक,
अंधारात जिना उतरताना
एक पायरी पायाला लागतच नाही, तसं.
"मिसिंग," मिस्त्री म्हणाले.

सायलेन्सरपाशी पेपराचा तुकडा धरला.
फडफडत होता, आणि मधेच आत ओढला जायचा,
कुणी हुंदका गिळावा तसा.

मग एकेक वायर काढून लावली.
पहिली काढली, इंजिन कण्हलं.
दुसरी काढली, लंगडलं.
चौथीला बंदच पडायला आलं.
तिसरी काढली तेव्हा काहीच झालं नाही.
"ज्याच्या नसण्यानं फरक पडत न्हाई, त्योच आजारी."
मला आमच्या घरातले एकदोघं आठवले.

प्लगांची अदलाबदल केली, दुखणं जागचं हललं नाही.
गेज लावला. एकशे सत्तर, एकशे सत्तर,
पंचाण्णव, एकशे पासष्ट.
तिसऱ्यात तेल सोडलं, तरी काटा तिथंच.
"व्हॉल्व्ह. हेड उघडाय लागणार."
एवढा रिपोर्ट मलाही वाचता येतो,
तीन बरे, एकाखाली रेघ.

मी विचारलं, दिवा कुणी काढला?

काका बराच वेळ हात पुसत होते. हात कोरडेच होते.
"मंगळवार, शुक्रवार सीपीआरला न्यायचो तिला. डायलिसिस.
दिवा लागला की माझं मनगट धरायची,
वाटेत बंद पडणार म्हणायची.
दुरुस्तीला अठरा हजार सांगितले.
दिवा काढायला वीस रुपये."

थांबले.
"पडली नाही हो बंद. एकदाही नाही."

खरं होतं की रचलेलं,
ते तपासायची ट्यूब माझ्या डब्यात नाही.
अठरा हजार मी कमी करून घेतले.
मिस्त्रींनी वर दोन पाडले, तेही घेतले.
काकांनी आतून गोळ्यांचा डबा आणला,
रिकाम्या पाकिटांच्या तळाशी तो बल्ब,
कापसात गुंडाळलेला.

हेड सोमवारी उघडणार, उद्यमनगरात.
बल्ब मात्र मी तिथंच बसवून घेतला.

धैर्यप्रसाद चौकात थांबले.
समोर लाल. आत पिवळा.
गाडी एक पायरी गाळत उभी,
आणि शेजारच्या सीटवर
काकांनी जबरदस्तीनं दिलेली उरलेली केळी
थरथरत होती.