तपकिरी बाटली

राऊच्या पुढे, महू रस्त्याला लागून
रामकन्याबाईंची रोपवाटिका.
चार हिरव्या जाळ्या, एक हातपंप,
आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात कारल्याचं बी,
कासवाच्या पाठीसारखं, नक्षीदार, हट्टी.
शंभरात चाळीस उगवतं, त्या म्हणाल्या,
बाकीचं निजूनच राहतं.

मी पिशवीतून बाटली काढली.
अशीच एक जुन्या इंदुरात
दादांच्या दवाखान्यात असायची,
कपाटाच्या सर्वांत काळोख्या खणात,
कारण उजेड लागला की तिचं नुसतं पाणी होतं.
सायकलवरून पडले की दादा गुडघ्यावर ओतायचे,
फेस उठायचा, मी किंचाळायचे,
आणि ते, जखमेवरची नजर न हलवता,
"फसफसतंय ना? मग जिवंत आहे. रड खुशाल."

बादलीत मोजून दोन झाकणं.
बी टाकलं.
काहीच नाही.
मग एकेका बियेच्या टोकाशी
मोहरीहून बारीक बुडबुडे.
रामकन्याबाई उकिडव्या बसल्या,
पदर सावरायचा विसरून.
"ई तो सांस ले री है!"

वर्गात मला हे नीट सांगता येतं.
ऑक्सिजनची ही तापट पोरं,
उन्हाबरोबर पानापानांत रोज जन्मतात,
हाती लागेल त्याचा इलेक्ट्रॉन ओरबाडतात,
पेशीचं अस्तर कुरतडतात,
केसांच्या मुळाशी साठून
माझी वेणी पांढरी करत आणतात.
आणि तीच, थोडी असली तर,
बियेच्या कानाशी जाऊन म्हणतात, ऊठ.
थोडी म्हणजे किती,
एवढ्या एका प्रश्नात माझी बावीस वर्षं गेली.

दुसऱ्या बादलीत त्यांच्या जावयानं, किशोरीलालनं,
अर्धी बाटली उपडी केली.
जास्त घातलं तर लवकर उठेल, मॅडम.
सकाळी ते बी पांढरंफटक,
चिमटीत दाबलं तर ओल्या पिठासारखं.
तो मान खाली घालून उभा.
मी मात्रा, टक्के, तास असं काहीबाही बोलत राहिले.
रामकन्याबाईंनी बादली चिंचेखाली रिती केली.
"लेकराला उठवायला हाक पुरते," एवढंच म्हणाल्या.
तोंडात कशाला मारायची.

नवव्या दिवशी आम्ही मोजलं.
शंभरात एकाहत्तर.
वहीत लिहून मी खाली रेघ मारली.
त्या मात्र झारी घेऊन
रिकाम्या एकोणतीस खड्ड्यांनाही पाणी घालत होत्या,
सवयीनं, की आणखी कशानं,
मी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये पाहिलं,
झाकण उघडता-लावता उजव्या हाताची
तीन बोटं शेंड्याशी पांढरी झाली होती.
चुरचुरत होती.
राजवाड्यापर्यंत तशीच बसले,
खिडकीच्या उजेडात हात धरून.