कोरगुट

काजूच्या बिया भाजताना एक फुटली,
तेल उडालं. उजवी भुवई गेली, डोळा राहिला.
देवाचे उपकार, असं सगळे म्हणाले.
मीही म्हणत आले अकरा वर्षं,
रोज सकाळी पेन्सिलीनं ती काढताना.
चोडणच्या फेरीत घाम यायचा
आणि रायबंदरला उतरेपर्यंत
माझं आश्चर्य कानाकडे ओघळलेलं असायचं.

डॉक्टर मिनेझिस व्रणावर बोट फिरवून म्हणाले,
इथं रक्त कमी पोचतं, सगळे धरणार नाहीत.
कानामागून दोनशे चाळीस केस काढले,
एकेक रोवला आडवा,
नाकाकडून कानशिलाकडे निजवत.
मी डोळे मिटून मोजत होते,
साठाच्या पुढं चुकले.

आई म्हणाली, म्हणजे तरवाच लावला की!
खाजणात लावतो तसा.
खाऱ्या मातीत दुसरं काही येत नाही,
कोरगुट येतो.

तिसऱ्या आठवड्यात सगळे झडले.
झडणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.
तरी दोन दिवस
उशी झटकली नाही मी.

चवथीच्या आदल्या रात्री, माटोळी बांधून झाल्यावर,
कपाळ पुसताना बोटाला काहीतरी टोचलं.

आता एकच अडचण:
ते स्वतःला अजून डोक्यावरचेच समजतात.
वाढतात. थांबत नाहीत.
दर रविवारी रोहिदास आपली मिशीची कात्री आणतो,
श्वास रोखून कापतो, मलाच म्हणतो, हलू नको.

परवा विसरला.
फेरीत वारा सुटला,
एक लांब केस डोळ्यापुढं येऊन
भिरभिरत राहिला पैलतीरापर्यंत.
मी बाजूला केला नाही.