शक्यतो

नगररचना विभागात एकतीस वर्षं मी रेषा ओढल्या.
रस्त्याची तांबडी, हद्दीची काळी
आणि ओहोळाची निळी.
निळीला पट्टी लावायची नाही, हात सैल सोडायचा,
असं बागूल ड्राफ्ट्समननी पहिल्याच दिवशी बजावलं होतं :
"पाणी काय ऑफिसातून सुटून सरळ घरी जात नाही रे."

पांडवलेण्याच्या डोंगरावरून एक उतरायचा,
पाथर्डीच्या शिवारातून तिरका, वालदेवीकडे.
त्याला नाव नव्हतं. नकाशात नुसतं 'ना.'
एक अक्षर आणि एक टिंब.
मी त्याला सात वळणं दिली होती,
सातव्या वळणावर करंजाचं झाडही काढलं.
साहेबांनी झाड खोडायला लावलं.

स्थळपाहणी झाली मे महिन्यात.
पंचनाम्यात लिहिलं :
प्रत्यक्ष जागेवर नाला आढळून आला नाही.
तान्हुबाई बेंडकुळे म्हशी घेऊन काठावर उभ्या,
म्हणजे ज्याला त्या काठ म्हणत होत्या त्यावर.
"भर उन्हाचं आले बघाया," त्या म्हणाल्या,
"दुपारी बाराला चांदण्या मोजाया यावं तसं."
हे म्हणणं पंचनाम्यात घेतलं नाही.
अंगठा मात्र घेतला.

मग प्लॉट पडले.
ओहोळ सहाशे मिलिमीटरच्या पाइपात गेला,
पाइप दोनदा काटकोनात वळला
कारण क्लब हाउस मध्ये येत होतं.
वर पेव्हर ब्लॉक, कडेला कमान,
कमानीवर सोनेरी अक्षरांत 'निर्झर'.
इतकी वर्षं बिननावाचा होता बिचारा.

मी निवृत्त झाल्यावर नवा मसुदा निघाला,
हरकती व सूचना तीस दिवसांत.
चष्मा पुसत पुसत सगळा वाचला.
'भूखंडातील नैसर्गिक प्रवाह शक्यतो मूळ स्थितीत ठेवावेत.'

शक्यतो.

घरात आपण म्हणतो,
शक्यतो लवकर ये, शक्यतो तिखट कमी घाल.
कोण येतं लवकर?
मऊ, सभ्य शब्द,
आणि त्याच्या 'श' आणि 'तो' मधून
मुरमाने भरलेला हायवा आरामात निघून जाईल,
आरसेसुद्धा मिटावे लागणार नाहीत.

एका ओळीची हरकत दिली :
'शक्यतो' हा शब्द वगळावा.
आवक शिक्का घेतला, झेरॉक्स जपून ठेवली.

सुनावणीत तीन मिनिटं मिळाली.
जुना नकाशा उलगडण्यातच दीड गेलं.
घडीवरची निळी शाई विटली होती.
समोरची अधिकारी माझ्या धाकटीच्या वयाची,
पण ऐकत होती, खरंच ऐकत होती.
"काका, हा शब्द काढला तर किती परवानग्या अडतील?"
मी म्हटलं, "अडू द्या. सध्या पाणी अडतंय."
तिनं मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

गेल्या महिन्यात अंतिम नियमावली आली.
'शक्यतो' वगळलाय.
त्या जागी 'यथाशक्य' आहे.

तान्हुबाईंकडे आता दोनच म्हशी, फाट्याजवळ पत्र्याच्या गोठ्यात.
"मंग फरक काय पडला?"
"संस्कृत झालं," मी म्हटलं.
त्या हसल्या, काठी उचलली,
आणि म्हणाल्या, चला, दाखवते.

भादव्यातली संध्याकाळ. 'निर्झर'चं तळघर.
वॉचमन मोटर लावून, पाय वर घेऊन खुर्चीत बसला होता.
भिंत तीनदा रंगवून झाली म्हणे,
वॉटरप्रूफिंगवाला पैसे घेऊन गेला.
ओल रंगाखालून पुन्हा वर येते.
मी मोबाइलचा उजेड धरला.

पट्टी न लावता,
हात सैल सोडून ओढलेली होती ती.
पहिलं वळण ओळखलं, दुसरं, तिसरं.
चौथं कोणाच्या तरी लाल गाडीच्या मागे गेलं होतं.
वॉचमनला विचारलं,
ही गाडी जरा पुढे घेता येईल का?
तो म्हणाला, बघतो, शक्यतो.